कडेच्या ओळीचं भात

अपो इन्हावीने, म्हणजे इन्हावी आजीने, पाकीट फाडलं, दाणे सुपात ओतले, एक उचलून दाढेखाली फोडला आणि बाजूला थुंकला.

"हे बदकांचं आहे," ती म्हणाली.

डॉ. रेमेडिओस काबालेस हसली. डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पहिल्या विनोदाला हसायचं असतं, हे तिला फिरतीच्या नोकरीत कळलेलं होतं. मग तिच्या लक्षात आलं, की म्हातारी हसत नाहीये.

"अपो, नीट पाहा ना. इनलिबान आहे हे. तुमच्या आईनेच दिलेलं."

"आईने दिलं असेल. इनलिबान नाही."

जीपच्या पायरीवर बसलेल्या नेस्तोरने शेंगा सोलणं थांबवलं. तो रेमेडिओसच्या भात संशोधन संस्थेचा ड्रायव्हर होता, शेतावरचा मदतनीस होता आणि पाच संचालकांना निरोप देऊन अजून नोकरीत होता.

चाळीस वर्षांपूर्वी रेमेडिओसचे गुरू हा डोंगर पायी चढून आले होते आणि मूठभर भात घेऊन उतरले होते. पाकिटावर त्यांनी सुवाच्य अक्षरात गाव, देणारीचं नाव आणि 'इनलिबान' असं लिहिलं. ते पाकीट संस्थेच्या शीतगृहात उणे वीस अंशांवर जवळजवळ तीस वर्षं पडून राहिलं. मग रेमेडिओसने ते बाहेर काढलं आणि इतर दोनशे वाणांबरोबर त्याची रोपं चौदा दिवस पाण्याखाली बुडवून ठेवली. बाकीची कुजली. हे उभं राहिलं. त्यानंतर अकरा वर्षं संकर आणि निवड, निवड आणि संकर. आता 'इनलिबान-१' तयार होतं. दरवर्षी वादळात ज्यांची खाचरं बुडतात, ते सखल मुलखातले लोक त्याची वाट पाहत होते.

दोनच दिवसांनी नव्या वाणांच्या मान्यता समितीची बैठक होती. राहिला होता एक कागद: मूळ बियाणं आमच्या वाडवडिलांचं आहे, आम्ही ते राजीखुशीने दिलं. खाली देणारीच्या वारसाचा अंगठा. गावच्या सभागृहात बारा फुटी फलक लागला होता. त्यावर अपोच्या आईचा फोटो मिळाला नाही म्हणून अपोचाच छापला होता. गावप्रमुखाने, म्हणजे कपितानने, सकाळीच डुक्कर कापलं होतं. पुस्तिकाही छापून झाली होती. 'इथल्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या डोळसपणे निवड करून हा गुण जोपासला,' हे त्यातलं वाक्य रेमेडिओसने स्वतः लिहिलं होतं आणि ते सगळ्यांना आवडलं होतं.

"मग हे कुठलं?" तिने विचारलं.

अपोने हनुवटीने उताराखाली दाखवलं. "ते सगळ्यात खालचं खाचर. तिथलं पाणी हटत नाही. काहीही लावा, कुजतं. हे आपलं आपण उगवतं. बदकं खातात, उरलेलं सांडतं, परत उगवतं."

"म्हणजे मॅडम, निवड बदकांनी केली," नेस्तोर म्हणाला.

"नेस्तोर, गप्प बस."

"मी पुस्तिकेच्या दृष्टीने म्हटलं."

रेमेडिओसने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"अपो, तुमची आई खोटं बोलली?"

अपोने पानाला चुना लावता लावता हात थांबवला. "खोटं कशाला बोलेल? मी तिथेच होते. तुझ्या गुरुजींनी विचारलं, तुमचं सगळ्यात चांगलं भात कोणतं. आई म्हणाली, इनलिबान. मग ते म्हणाले, थोडं भात द्या. आईने थोडं भात दिलं."

"पण..."

"बी मुलीबरोबर सासरी जातं. नाहीतर यंदाच लावणार असेल त्याच्याकडे जातं. वाटसरूला कोण देतं? बरं, उंबऱ्यावर बसलेल्याला नाही म्हणता येत नाही. मग माणसाने करायचं काय?" तिने पान तोंडात सरकवलं. "नंतर एक जपानी आला. त्यालाही तेच दिलं. फार लांबून आला होता, म्हणून दोन मुठी."

"खरं इनलिबान मला बघायला मिळेल?"

"बघ की. ती वरची जुडी."

खांबांवर उभ्या असलेल्या कोठारात, धुराने काळ्या झालेल्या आढ्याला लोंब्यांची जुडी टांगलेली होती. रेमेडिओस शिडीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढली आणि थांबली.

"यातलं थोडं..."

"कुठे लावशील?"

"लावणार नाही, अपो. जपून ठेवू. गोठवून. शंभर वर्षं टिकतं."

"शंभर वर्षं बसून काय करेल ते?"

या प्रश्नावर रेमेडिओसचं तासाभराचं व्याख्यान होतं. ती शिडीवरून खाली उतरली.

कागद नेस्तोरने वाचून दाखवला. सभेत ठराव वाचावा तसा, विरामचिन्हांसकट. अपोने लक्ष देऊन ऐकला.

"अंगठा नाही लावायची," ती म्हणाली. "आमच्या वाडवडिलांचं म्हणे! बदकांच्या वाडवडिलांचं असेल. वर गेल्यावर आईला काय सांगू?"

समितीची त्यानंतरची बैठक दोन वर्षांनी होती. रेमेडिओस पुढच्या वर्षी निवृत्त होणार होती. नेस्तोरला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. त्याने शेंगांची टरफलं मुठीत गोळा केली आणि ती टाकायला जागा शोधत बसला.

अपो इन्हावी रेमेडिओसकडे पाहत होती.

"तुझ्या भाताचं नाव काय म्हणालीस?"

"इनलिबान-१."

"आणलंयस?"

"हो."

"दे बघू मूठभर. मी म्हातारी बाई. परत कधी येशील तू?"

जीपमध्ये दोन पिशव्या होत्या. एकीला शिक्का होता. तिच्यातला दाणा न्‌ दाणा नोंदलेला होता आणि मान्यतेआधी तो संस्थेबाहेर कुणालाही, संचालकांच्या बायकोलासुद्धा, द्यायचा नाही असा नियम होता. नियम रेमेडिओसनेच लिहिला होता. दुसरी पिशवी कडेच्या ओळीची होती. प्रयोगाच्या वाफ्याभोवती मिळेल ते भात लावतात, उंदरांनी आधी ते खावं म्हणून. त्यातलं उरलेलं नेस्तोरच्या कोंबड्यांना जातं. आज ते फोटोत ओंजळीतून सोडण्यासाठी आणलं होतं.

रेमेडिओस जीपपाशी गेली. शिक्क्याच्या पिशवीवर तिने हात ठेवला. जरा वेळ तो तिथेच राहिला. मागे उंबऱ्यावर म्हातारी वाट पाहत होती. नियम आहे, असं इतक्या वयाच्या बाईला तिच्याच दारात सांगायचं कसं, ते रेमेडिओसला सुचेना.

नेस्तोर समोरच्या डोंगराकडे पाहू लागला. डोंगरात विशेष काही नव्हतं.

ती परत आली तेव्हा तिची ओंजळ भरलेली होती. जीपमधल्या पिशवीचा शिक्का शाबूत होता. तिने ती दोन्ही हातांनी, किंचित वाकून, सुपात रिकामी केली.

अपोने एक दाणा उचलला. दाढेखाली फोडला. बराच वेळ चघळला. मग तिने रेमेडिओसला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, जणू ती आत्ताच डोंगर चढून आली होती.

या खेपेस ती थुंकली नाही.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

रेमेडिओसने पुन्हा चष्मा पुसला. तिचे कान लाल झाले होते.

"बस, पोरी. उभी का? जेवल्याशिवाय जायचं नाही आता." अपोने नेस्तोरकडे हात केला. "आण रे तो कागद. आईला सांगेन, वाटसरूला काय द्यायचं ते हिलाही कळतं. कुठे लावायचा अंगठा?"

नेस्तोरने शाईची डबी उघडली. अपोने अंगठा टेकवला आणि मोठं काम करत असल्यासारखा जरा वेळ दाबून धरला. अंगठा तिने उंबऱ्याला पुसला. मग सूप उचलून अंगणाच्या कडेला गेली आणि दोन्ही भातं एकदम उताराच्या दिशेने भिरकावली.

खालच्या खाचरातून बदकं ओरडत वर आली. त्यांनी त्या दोन भातांत काही फरक केला नाही.