रेडिएटरवरचा फ्लेक्स

दोरोच्या जीपनीला, म्हणजे त्याच्या प्रवासी गाडीला, काय झालंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी मी तीन आठवडे तिचे पार्ट बदलत बसलो. यात भूषण काही नाही, पण सांगायचंच तर खरं सांगावं.

माझं गॅरेज अंतिपोलोच्या चढाच्या पायथ्याशी आहे. वर जाताना गाडी तापली की ड्रायव्हर उतरतो, शिव्या घालतो आणि उलटा घरंगळत माझ्याकडे येतो. त्यावर माझं घर चालतं. आमचा कुया दोरो, म्हणजे दोरोदादा, सव्वीस वर्षं याच चढावर माणसं वाहतोय, पण गाडी तापली म्हणून तो कधी माझ्या दारात आला नव्हता. मग त्याची मुलगी निंग मेकॅनिकल इंजिनिअरची सरकारी परीक्षा पास झाली. दुसऱ्या दिवशी त्याने तिचा फ्लेक्स छापून आणला, सहा फूट बाय चार, आणि गाडीच्या तोंडावर, रेडिएटरच्या जाळीवर तारेने आवळला. काळ्या झग्यातली निंग, तिच्याखाली 'इंजिनिअर', आणि त्याखाली 'बाप: इसिदोरो'. तिसऱ्या दिवशी गाडी चढावर उकळली.

आता जाळीतून वाराच आत गेला नाही तर पाणी निवणार कसं? शेंबड्या पोरालाही कळेल. पण दोरोला सांगणार कोण?

त्याचं असं, की निंग याआधी दोनदा नापास झाली होती. दुसऱ्या वेळी दोरोने स्टँडवर सगळ्या ड्रायव्हरांदेखत तिला सुनावलं, की तुझ्या डोक्यात भुसा भरलाय, जा, माशाचे गोळे तळून वीक. ती त्याच दिवशी आत्याकडे लागुनाला निघून गेली. दीड वर्ष बापलेकीत अवाक्षर नाही. माफी मागणं या माणसाला जन्मात जमलेलं नाही. त्याने फ्लेक्स छापला.

म्हणून मी मूग गिळले आणि पाना उचलला. पंख्याचा पट्टा बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं, पाण्याचा पंप बदलला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बॉनेट उघडायला फ्लेक्स सोडावा लागायचा, आणि तो सोडला की इंजिन तासभर चालू ठेवलं तरी तापमानाचा काटा मध्यावरच. मग मीच माझ्या हाताने तो परत बांधायचो. दोरो म्हणायचा, आंबो, तुझ्या हाताला गुण आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी भीतभीत सुचवलं, की फ्लेक्स मागे लावू या का. तो म्हणाला, मागून कोण बघतं?

आणखी एकदा उकळली असती तर इंजिनचं हेड वाकलं असतं आणि गाडी भंगारात गेली असती. त्यात शनिवारी वरच्या मायमरीच्या चर्चमध्ये नवस फेडायला सगळं गणगोत निघालं. निंग माझ्या गॅरेजपाशी येऊन गाडीत बसणार होती. तिने आपल्याच गाडीतून वर जायचं, हा दोरोचा हट्ट.

शनिवारी सकाळी गाडी कशीबशी माझ्या दारापर्यंत आली आणि फुसफुसू लागली. चौदा नातेवाईक भाताच्या पातेल्यासकट खाली उतरले. तेवढ्यात समोरच्या थांब्यावर निंग बसमधून उतरली. स्वतःच्याच सहा फुटी चेहऱ्यावरून वाफा निघताना तिने पाहिल्या. रस्ता ओलांडून आली, रीतीप्रमाणे बापाचा हात कपाळाला लावला, आणि बोलली मात्र माझ्याशी.

काय काय बदललंत, म्हणाली. मी यादी सांगितली. थर्मोस्टॅट कुठाय, म्हणाली. दहा वर्षांपूर्वी काढून टाकला, गरम देशात हवाय कशाला, असं मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पान्याकडे पाहू लागलो. मग ती फ्लेक्सकडे वळली. दोन मिनिटंही लागली नाहीत. परीक्षा काही उगीच पास झाली नव्हती.

"ताताय, हा काढावा लागेल," ती बापाला म्हणाली.

"नाही."

"इंजिन जाईल."

"जाऊ दे." दोरो रस्त्याकडे बघत होता. "तुला बोललो ते चारचौघांत बोललो ना? मग घरात बसून मागे घेतलं तर कुणाला कळणार?"

मी पाना पुसत बसलो, तो आधीच पुसलेला होता. डोळे भरून आले माझे, खोटं कशाला सांगू.

निंगने माझी पक्कड घेतली, चारही कोपऱ्यांच्या तारा सोडल्या आणि फ्लेक्सची घडी करून आईच्या हातात दिली. इंजिन निवेपर्यंत आम्ही सगळ्यांनी भात खाल्ला. मग पाणी भरलं. दोरोशेजारच्या जागेवर त्याचा भाऊ बसायला निघाला होता, त्याला तिने मागे पाठवलं.

"इथे मी बसते," ती बापाला म्हणाली. "समोरून दिसेन."

न जाणो म्हणून मीही हत्यारं घेऊन मागच्या बाकावर चढलो. काटा काही मध्याच्या वर सरकला नाही, तरी वर पोचायला आम्हाला दुप्पट वेळ लागला. दोरो प्रत्येक थांब्यावर गाडी उभी करत होता. उतरणारं कुणी नव्हतं आणि चढणाऱ्याला जागा नव्हती.