धनेशची हजेरी

बुकित तिमाह भागातल्या एका कॉन्डोच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मराठी वाचक मंडळ जमे. मागच्या महिन्यात विषय होता ‘आनंदी राहण्याच्या सवयी’. या महिन्यात नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांची अपराधी भावना. समोसे मात्र तेच.

“काका, दहाच मिनिटं हं,” मंडळाची चिटणीस उत्कर्षा म्हणाली. “आणि शेवट जरा पॉझिटिव्ह करा.”

साठ लाख माणसांच्या मरणाचा पॉझिटिव्ह शेवट विलासरावांनी सेम्बावांगच्या घरून येताना MRT मेट्रोत बराच शोधला होता. तीनदा गाडी बदलूनही तो सापडला नाही.

जहाजावरून निवृत्त झालेले हे इंजिनिअर खूप वाचतात, म्हणून त्यांना विषय दिला होता. टिपणं चांगली झाली होती. छावणीतली हजेरी, तासन्‌तास बर्फात उभं राहणं, आकडा जुळावा म्हणून मेलेल्यांनाही रांगेत आणून ठेवणं. आणि सुटल्यावर जन्मभर स्वतःलाच विचारणं, की मीच कसा उरलो? शेवटचं एक पान मात्र ते रोज लिहीत आणि रोज फाडत. ते धनेशचं होतं.

धनेश त्यांच्या बोटीवरचा दोस्त. शनिवारच्या आगीच्या कवायतीला हा पठ्ठ्या खाली इंजिन रूममध्येच झोपायचा. “विल्या, माझी हजेरी लाव रे, पाच मिनिटांत आलोच.” विल्या आवाज बदलून लावायचा. मग एका शनिवारी खरीच आग लागली. इंजिन रूममध्ये गॅस सोडण्याआधी डेकवर माणसं मोजतात, कारण त्या गॅसनं आग विझते, तसाच आत राहिलेला माणूसही. धनेशचं नाव पुकारलं आणि विलासरावांच्या तोंडून सवयीनं “हजर” निघून गेलं.

आग उत्तम विझली. ‘धनेश हुकूम मोडून परत आत गेला असावा,’ असं चौकशी अहवालात लिहिलं गेलं. त्याखाली विलासरावांनी सही केली, आणि कंपनीनं त्यांना प्रसंगावधानाबद्दल प्रशस्तिपत्र दिलं. तीस वर्षं धनेशची बायको नवऱ्याच्या आगाऊपणाला बोल लावत होती. विलासराव दर दिवाळीला तिला फोन करून धीर देत. फारच कनवाळू माणूस!

“काका, हॉलसाठी दहा सह्या लागतात,” उत्कर्षानं कागद पुढे केला. “संजीव गाडी पार्क करतोय. त्याचीही तुम्हीच करून टाका.”

“नाही.”

“अहो, फॉर्मॅलिटी आहे नुसती! पाच मिनिटांत येईल तो.”

“तोसुद्धा पाच मिनिटांतच येणार होता.”

“कोण, संजीव?”

विलासरावांनी स्वतःची सही केली. संजीवची जागा कोरी ठेवून कागद परत दिला. टिपणांची घडी घालून ती खिशात ठेवली आणि ते उभे राहिले. समोशाचा घास घेऊन सगळ्यांनी चेहरे गंभीर केले.

“आम्ही बोटीवर बावीस जण होतो,” ते म्हणाले. “एकवीसच डेकवर होते. तरी मोजणीत बावीस भरले. ते कसे, ते सांगतो.”