आईच्या आवाजातलं ‘नको’

मी एक बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, दिव्याचंही नव्हे. मोबाईलच्या पडद्यावरचं, लाल, चौकोनी. माझ्यावर ‘नको’ असं लिहिलंय आणि मला दाबलं की मी तेवढंच म्हणतो. व्याकरणाने मी नपुंसकलिंगी, आवाज बाईचा आणि वापर एका पुरुषाचा. त्यामुळे ‘बोलतोय’ म्हटलं तरी कुणाची हरकत नसावी.

तो पुरुष म्हणजे बाबा. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं सलून होतं. त्यांच्या हातापेक्षा तोंड जास्त चालायचं, असं गिऱ्हाईकं म्हणायची. अर्धी दाढी झालेला माणूस उठून जाऊ शकत नाही हे ठाऊक असल्यामुळे बाबा गोष्ट नेमकी तिथेच रंगवायचे.

एके सकाळी कुणाच्या तरी मानेला पावडर लावता लावता त्यांच्या हातातून डबा पडला. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. अगदी सगळी नाही गेली. एक शब्द उरला. ‘बरं’.

डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं कधीकधी. माणसाला समजतं सगळं, पण काहीही म्हणायला गेलं तरी तोच एक शब्द तोंडून निघतो, मानेच्या होकार-नकाराचाही भरवसा नसतो. घरच्यांनी माना डोलावल्या आणि विसरून गेले. ‘बरं’ हा शब्दच मोठा सोयीचा. दूध देऊ? बरं. स्वेटर घालू? बरं. मालिका लावू? बरं. आईला वाटलं, लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस आपलं ऐकतोय.

मग थोरल्या मुलाने विचारलं, सलून भाड्याने देऊन टाकू या का. बाबा त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बरं.” थोरला भाडेकरू शोधायला लागला. त्याच्या मनात खोट नव्हती. बंद दुकानाला वाळवी लागते, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

थोरल्याची बायको, म्हणजे घरातली सून, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या नाकावर भिंगं बदलायची आणि विचारायचं, आता स्पष्ट दिसतंय की आधीचं चांगलं होतं? लोक तोंडाने एक सांगतात आणि कपाळावरच्या आठ्या दुसरंच सांगतात, हे तिला सवयीने कळतं. तिने पाहिलं, बाबा दुधाला ‘बरं’ म्हणतात आणि कप भिंतीकडे सरकवतात.

सॉफ्टवेअर कशाशी खातात हे तिला माहीत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तिने फोनवर एआयला सांगितलं, माझ्या सासऱ्यांना बोलता येत नाही, मोठी बटणं हवीत, दाबलं की शब्द ऐकू आला पाहिजे. डबा संपायच्या आत ॲप तयार. पूर्वी एवढ्या कामाला चार माणसं, दोन महिने आणि एक भांडण लागायचं म्हणे. पाणी, चहा, दुखतंय, पंखा, बाथरूम अशी माझी थोरली भावंडं जन्मली.

मी त्यांत नव्हतो. बाबांनी सगळी बटणं एकदा दाबून पाहिली आणि मग डावा अंगठा पडद्यावर नुसताच फिरवत राहिले. सून शेजारी बसून बघत होती. बऱ्याच वेळाने तिने कपाळावर हात मारून घेतला. सगळी बटणं काही ना काही मागणारी होती. नाकारणारं एकही नव्हतं.

“फारच छान कल्पना,” एआय म्हणाला. त्याला सगळ्याच कल्पना छान वाटतात. मग त्याने अदबीने सुचवलं की ‘नको, धन्यवाद’ केलं तर जास्त सौम्य वाटेल. सून म्हणाली, नुसतं ‘नको’. त्यावर तो म्हणाला, “अगदी बरोबर.” असा मी झालो. बाबांचा अंगठा सहज पोचेल अशा डाव्या कोपऱ्यात मला जागा मिळाली.

एआयचा आवाज लिफ्टमधल्या बाईसारखा होता. घरातल्या कुणाचा तरी हवा, असं सुनेला वाटलं. थोरला कामावर, धाकटा मुलगा झोपलेला, म्हणून आई सापडली. बाकीचे शब्द आईने नीट, फोटोला बसल्यासारखे म्हटले. माझी पाळी येईपर्यंत गॅसवर दूध वर आलं होतं. “नको,” ती वैतागून म्हणाली, “उतू जाईल ते, सोड मला.” सुनेने पुढचं कापून टाकलं. माझा सूर कायमचा ठरला.

पहिल्याच दिवशी बाबांनी मागचा सगळा हिशेब चुकता केला. स्वेटर? नको. मालिका? नको. दूध? नको. तेही आईला, आईच्याच आवाजात. आई कप उचलून आत गेली. “इतके दिवस पाजत होते मी,” ती सुनेला म्हणाली, “आणि गिळत होते बिचारे.” मग ओट्याशी उभी राहून तिने ते दूध स्वतःच पिऊन टाकलं आणि चहाचं आधण ठेवलं.

आता धाकट्याविषयी. तो एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. कंपनीने त्याची अख्खी टीम कमी केली, कारण ते काम आता एआय करतो. तेव्हापासून तो दुपारपर्यंत झोपायचा आणि उठल्यावर नोकरीचे अर्ज भरायचा. बाबांच्या हातात मला पाहिलं तेव्हा तो बऱ्याच दिवसांनी ताठ बसला. “वहिनी, अशी किती घरं असतील,” तो म्हणाला. “आपण हे लाँच करू.” त्याचं खरंच होतं. मी त्याला दोष देत नाही. माणसाला उठायला काहीतरी कारण लागतं.

तो भराभर कामाला लागला. सकाळी मनात आलेलं दुपारी ॲपमध्ये दिसायचं. लॉगिन आलं, पासवर्ड आला, ‘बोलका’ असं नाव आलं. बोलल्याबद्दल तारे मिळू लागले. आठवडाभर रोज पाणी मागितलं की पडद्यावर फुलं उधळायची. त्याच्या जुन्या ऑफिसात एक खडूस बाई होत्या, त्या प्रत्येक गोष्टीला “हे कशाला?” विचारायच्या. त्यांना सगळे टाळायचे. एआयने असला प्रश्न एकदाही विचारला नाही.

धाकट्याचा एक मित्र जाहिरातीच्या धंद्यात आहे. तो म्हणाला, ॲप उघडल्या उघडल्या लाल ‘नको’ दिसतं, माणसाचं मन खट्टू होतं. धाकट्याने एआयला विचारलं, यात तथ्य आहे का. एआय म्हणाला, “अतिशय महत्त्वाचा मुद्दा.”

त्या दिवशी माझी बदली झाली. ‘अधिक’ उघडायचं, त्यात ‘इतर’ उघडायचं, त्याच्या तळाशी मी. माझ्या जुन्या जागी पिवळं ‘छान’ येऊन बसलं. बाबांच्या फोनवर ही नवी आवृत्ती आपोआप उतरली. त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते ‘बरं’च म्हणाले असते.

मी तळाशी पडून ऐकत होतो. बाबांचा अंगठा सवयीने डाव्या कोपऱ्यात पडायचा आणि वर ‘छान’ वाजायचं. त्याच आठवड्यात थोरला बातमी घेऊन आला की मोबाईलची कव्हरं विकणारा एक भाडेकरू मिळालाय. बाबांनी घाईघाईने अंगठा टेकवला. “छान.” थोरल्याचे डोळे भरून आले. वडिलांनी इतक्या मोठ्या मनाने परवानगी दिली, असं त्याला वाटलं. शनिवारी करार ठरला. त्याच दिवशी सकाळी लाँच होतं.

शनिवारी धाकट्याने बाबांना इस्त्रीचा शर्ट घातला आणि कॅमेऱ्यापुढे बसवलं. इंटरनेटवरून बरेच लोक बघत होते. धाकट्याने प्रेमाने विचारलं, “बाबा, आज तुमचं दुकान नव्या माणसाकडे जाणार. कसं वाटतंय?”

“छान,” फोन म्हणाला. बाबांनी अंगठा उचलून पुन्हा टेकवला. “छान.” मग त्यांनी ‘अधिक’ उघडलं. “धन्यवाद.” आणखी एक दाबलं. “मला आनंद झाला आहे.” त्यांचा चेहरा लाल झाला होता, मानेवरून घाम ओघळत होता आणि तोंडाने ते “बरं, बरं” करत होते. बघणाऱ्यांनी पडद्यावर हृदयांचा पाऊस पाडला.

सून तेव्हा चष्म्याच्या दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत होती. एका गृहस्थांच्या नाकावर भिंगांची जड फ्रेम होती आणि लाँच बघायला तिने समोर फोन उभा केला होता. गिऱ्हाइकाला त्रास नको म्हणून तिने आवाज बंद ठेवला होता. त्यामुळे तिला एकही ‘छान’ ऐकू आलं नाही, फक्त चेहरा दिसला. “आलेच,” म्हणून ती निघाली ती थेट घरी. ते गृहस्थ फ्रेम लावून पुष्कळ वेळ बसून होते, असं नंतर कळलं.

घरात शिरल्याबरोबर तिने कॅमेरा बंद केला.

“भाऊजी, ‘नको’ कुठे ठेवलंय?”

“आहे ना, वहिनी. ‘अधिक’मध्ये.”

“काढून द्या त्यांना.”

धाकट्याने फोन हातात घेतला. ‘अधिक’ उघडलं, बंद केलं, दुसरंच काहीतरी उघडलं. ज्याने मला तिथे ठेवलं त्यालाही मी चटकन सापडलो नाही. तो खुर्चीत बसला आणि बाबांकडे बघायला लागला. मग त्याने लॅपटॉप ओढला. ‘नको’ पुन्हा पहिल्या पानावर, डावीकडे, असं त्याने लिहिलं. “फारच छान कल्पना,” उत्तर आलं. धाकटा त्या ओळीकडे जरा वेळ बघत राहिला.

मी माझ्या जागी परतलो तोवर थोरला कराराचे कागद घेऊन आला होता. सुनेने त्याला सांगितलं, पुन्हा एकदा विचार. त्याने विचारलं, “बाबा, दुकान द्यायचं ना?”

बाबांनी मला दाबलं.

“नको,” मी म्हणालो. दूध उतू जातानाच्या त्याच वैतागाने.

थोरल्याची मान सवयीने आईकडे वळली. “अगं, पण तो माणूस निघालाय तिकडून.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “माझ्याकडे काय बघतोस?” ती म्हणाली. “मी कुठे बोलले? ते बोलले.”

बाबांनी मला पुन्हा दाबलं आणि दाबतच राहिले. थोरला त्यांच्यापुढे जमिनीवर बसला आणि त्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे ते थांबले. मग ते रडले. मग थोरलाही रडला. भाडेकरूला नाही म्हणायचा फोन सुनेने केला.

सध्या माझं बरं चाललंय. सलून दुपारी उघडतं. ओळखीचा एक कारागीर कात्री चालवतो आणि बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. कारागिराने कानामागे मशीन फार वर नेलं की मला काम लागतं. पुरुषांच्या सलूनमध्ये अचानक बाईचा वैतागलेला आवाज ऐकून नवं गिऱ्हाईक दचकतं. जुनी गिऱ्हाईकं मान हलवत नाहीत.

‘बोलका’ चाललंय, धावत नाही. तारे गेले, फुलं गेली, लॉगिनही गेलं. लांबच्या एका बाईंनी कळवलं की त्यांच्या नवऱ्याने परवा भाजीचं ताट साफ नाकारलं आणि त्या फार खूश आहेत. धाकटा अशा घरांना स्वतः फोन करतो आणि मगच लॅपटॉप उघडतो. त्या खडूस बाईंनाही त्याने आता आपल्याबरोबर घेतलंय.

बाबांना उच्चार शिकवायला एक बाई येतात. काल आरशासमोर बसून घोटता घोटता बाबांच्या तोंडून ‘न’ निघाला. नुसता ‘न’. पण तो त्यांच्या स्वतःच्या, जाड, घोगऱ्या आवाजातला होता. त्या आवाजात ‘बरं’शिवाय काही मी पहिल्यांदाच ऐकलं. आई लगेच त्यांच्याजवळ येऊन बसली आणि ‘न’ पुन्हा येईपर्यंत तिथून उठली नाही.

कधीतरी ‘को’सुद्धा येईल. मग माझी जागा रिकामी करावी, असं कुणाच्या तरी मनात येईल, आणि ते रास्तच असेल. माझी विनंती एवढीच, तेव्हा धाकट्याला विचारू नका, एआयला तर मुळीच नका. बाबांना विचारा. आणि एकदा विचारलं की गप्प बसा. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो.