अंदाजे वीस अंश

मी टाकी बोलतेय. गच्चीवरची नव्हे, तिचा थाट वेगळा. मी हातात मावणारी, काळ्या प्लास्टिकची, घट्ट झाकणाची. अंधारात माझ्या पोटात कॅमेऱ्यातला रोल बसवतात, वरून औषध ओततात आणि फोटो उमटतात. काम एवढंच. बिघडवायला मात्र शिकलेला माणूस लागतो.

माझं पहिलं घर म्हणजे देवळाली कॅम्पातला खाजाभाईंचा स्टुडिओ. जवानांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो तिथे निघायचे. खाजाभाई पाण्यात थर्मामीटर बुडवायचे, घड्याळाकडे बघायचे, दर मिनिटाला चार वेळा मला उलटसुलट करायचे. रोज तेच, तसंच. कंटाळवाणा माणूस, पण एकाही जवानाचा चेहरा त्यांनी काळवंडू दिला नाही. पुढे दुकानात मोबाइलची कव्हरं लटकली आणि मी माळ्यावर जाऊन बसले.

तिथून मला नाशकात आणलं सावळीराम यांनी. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासायचं काम केलेला माणूस. सूतभर फरक दिसला की अख्खी पेटी परत. निवृत्त झाल्यावर त्यांना फोटोचा नाद लागला. मी हरखले. म्हटलं, चला, आपल्याला मापाचा माणूस मिळाला.

कसलं काय. माप ते कारखान्याच्या गेटवरच जमा करून आले होते.

औषधाच्या पाकिटावर लिहिलेलं, वीस अंश. कुणीतरी त्यांना सांगितलं, वीस म्हणजे खोलीचं तापमान. झालं! मे महिन्यात नळाला हात लावला तर चटका बसतो, तरी खोलीतलंच पाणी. डिसेंबरात बोटं बधिर होतात, तरी खोलीतलंच पाणी. खोली एकच ना, मग तापमान बदलेल कसं? मेमधला रोल तव्यासारखा काळा निघाला. डिसेंबरचा इतका फिका, की लग्नाला आलेली सगळी माणसं ताकात बुडाल्यासारखी दिसली.

एकदा त्यांनी पाण्यात तापाचं थर्मामीटर घातलं. त्यावर ‘लो’ आलं. लो म्हणजे कमी, आणि कमी म्हणजे चांगलं, बीपीचं असंच असतं म्हणे. वापरलेलं औषध तर ते चहाच्या चोथ्यासारखं पुन्हा पुन्हा वापरायचे. हलवण्याचं विचारू नका. फोन आला की मी तशीच पडून, आणि फोन संपला की सोड्याच्या बाटलीसारखी गदागदा.

आणि दोष कुणाचा? माझा. “टाकीच गळकी दिसते,” असं ते बायकोला, कुसाबाईंना सांगायचे. चौथीपर्यंत शिकलेल्या कुसाबाई विरजण लावता लावता ऐकायच्या आणि गप्प बसायच्या. गप्प बसल्या म्हणजे पटलं, असा सावळीरामांचा समज. तेही अंदाजेच.

मग सिन्नरचा रोल आला.

कुसाबाईंच्या आई भागीबाई सिन्नरला राहतात. पन्नास वर्षं विड्या वळल्या. आता बोटं वळेनात म्हणून त्यांनी मांडीवरचं विड्यांचं सूप कायमचं खाली ठेवलं. त्या शेवटच्या दिवशी सावळीरामांनी सासूबाईंचे फोटो काढले होते. भागीबाईंनी बजावलं होतं, एकदाच बसते, पुन्हा नाय. आता सूपही शेजारणीकडे गेलेलं. म्हणजे जे काही होतं ते त्या एका रोलमध्ये.

रविवारी दुपारी सावळीरामांनी मला धुतलं, नळ सोडला, बोट घातलं आणि म्हणाले, “कोमट आहे. चालेल.”

कुसाबाईंनी नळ बंद केला.

“अहो, कुणाचं कोमट? तुमचं की माझं? तुमच्या कोमटात माझं दही नासतं.”

“अगं, तीस वर्षं मापाचं काम केलंय मी. अंदाज येतो मला.”

“माझ्या आईनं पन्नास वर्षं विड्या केल्या. शेवटच्या पानावरसुद्धा मापाचा पत्र्याचा तुकडा ठेवून कापत होती. तिला येत नव्हता अंदाज?”

सावळीरामांनी ओलं बोट सदऱ्याला पुसलं. मी माझ्या जन्मात इतकं सुख अनुभवलं नव्हतं.

त्या दिवशी रोलला कुणी हात लावला नाही. कुसाबाईंनी शाळेच्या सामानाच्या दुकानातून काचेचं थर्मामीटर आणवलं. औषधाचं नवं पाकीट आणवलं. मग स्वयंपाकघरातल्या फडताळाचे फोटो काढून एक रोल वाया घालवायला लावला. परातीत माठाचं पाणी, त्यात बर्फाचे दोन खडे, आणि त्याच पाण्यात सगळ्या बाटल्या उभ्या. वीसवर पारा आल्यावरच ओतायचं. दर मिनिटाला चार वेळा उलटं, मोजून. फोन कणकेच्या डब्यात. झालं ते सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच वाचून दुसरा रोल, त्याच फडताळाचा. दोन्ही रोलच्या पट्ट्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. डब्यांवरचा उजेड सारखा, सावली सारखी. सूतभर फरक नाही.

“आता आईचा रोल घ्या,” कुसाबाई म्हणाल्या.

पट्टी बाहेर आली तेव्हा सावळीरामांनी ती उजेडात धरली. कुसाबाईंनी ती हातातून ओढून घेतली आणि पदराचं टोक डोळ्यांना लावून म्हणाल्या, औषधाचा वास झोंबतो. असेल. मला तर खाजाभाईंकडे इतकी वर्षं कधी झोंबला नाही.

पट्टीवरून फोटो करून ते सिन्नरला गेले. भागीबाईंनी फोटो नाकाशी धरला. स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. सुपातल्या विड्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, “जावईबापू, ही तिसरी इडी सैल हाय. माझ्याच हातची. पन्नास वर्सांत कुनी सांगितलं नाय, ह्या फोटूनं सांगितलं. लय सच्चा निघाला.” मग उशीखालून तो पत्र्याचा तुकडा काढून जावयाच्या हातात दिला. “ठिवा डोळ्यासमोर.”

तो आता आमच्या मोरीत खिळ्याला टांगलाय. मी त्याच्या खाली, फळीवर, थर्मामीटरशेजारी. झाकणाला एक चीर गेलीय, काळी चिकटपट्टी लावलीय, पण गळत नाही. कधीच गळत नव्हते.

तुमच्याही घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला घासून चकचकीत करू नका, माळ्यावर टाकू नका. फक्त पाण्यात बोट घालून “चालेल” म्हणू नका. चालत नाही. ताकात बुडालेल्या त्या वऱ्हाडाला विचारा.