बिनआगीची हंडी आणि डब्याची दुलई

“वाफ! वाफ बघा, वाफ!”

कामतघरच्या त्या बंद पडलेल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडमध्ये दर गुरुवारी ही आरोळी उठायची आणि सगळ्या माना एकदम उंच व्हायच्या. पुढे स्टेजवर लाल मखमलीचं आसन. आसन कसलं, कमरेएवढी पेटीच ती, पण पेटी म्हटलं की पाप लागायचं. त्या आसनातून श्री उष्मानंद महाराज हंडी बाहेर काढायचे, झाकण उचलायचे आणि खिचडीची वाफ भस्सकन वर पत्र्याकडे जायची. ना चूल, ना गॅस, ना वायर! सगळ्यांसमोर शेगडीवर फक्त एक उकळी दिलेली कच्ची खिचडी आसनात जायची आणि भजन संपेपर्यंत मऊसूत शिजून बाहेर यायची.

“अग्नी बाहेर नसतो, बेटा,” महाराज डोळे मिटून म्हणायचे. “अग्नी इथे असतो.” मग छातीवर हात, आणि सूर एकदम वर. “सायन्सवाले इसको क्वांटम बोलते हैं! हम इसको तप बोलते हैं!”

क्वांटम म्हणजे काय ते शेडमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. महाराजांना तर त्याहून नव्हतं. पण टाळ्या अशा पडायच्या की बंद लूम पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटावं.

दहावीतली मृणाली या गर्दीत आईशेजारी बसलेली असायची. तिची आई वैशाली लूमवर सुताच्या कांड्या भरायला जायची. तिला टीबी होता. आरोग्य केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत खोकला पळाला, आईच्या गालांवर जरा रंग आला. आणि आता, महाराजांच्या खिचडीचा प्रसाद सुरू झाल्यापासून, तो खोकला परत आला होता.

“परत येणारच,” महाराजांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. “रोग बाहेर पडतोय ना! ही ऊब छातीत गेली की रोग जळतो. गोळ्या थंड असतात, माई. ऊब आणि गोळी एका छातीत नांदत नाहीत.”

म्हणजे बरी झाली तर महाराजांमुळे, आणि बिघडली तर तेही महाराजांमुळेच! असा धंदा निजामपुऱ्याच्या बाजारात कुणाला जमला असता तर त्याने अख्खा बाजार विकत घेतला असता.

आई मात्र मान डोलवायची. मृणालीने विचारलं, “गोळ्या घेतेस ना?” की म्हणायची, “घेते गं बाई.”

मग बाबांची रातपाळी लागली. बाबा म्हणजे मृणालीचे वडील, रामनाथ, लूमवर कारागीर. रातपाळीचा डबा म्हणजे या चाळीतल्या प्रत्येक घराचं एक शास्त्रच. भात चुलीवरून उतरला की तसाच कडकडीत डब्यात भरायचा, झाकण घट्ट लावायचं आणि डबा दुलईत घालायचा. दुलई म्हणजे जुन्या साडीची पिशवी, आत लूमवरचं वेस्ट सूत ठासून भरलेलं. मधल्या सुट्टीत बाबांनी डबा उघडला की भातावर हात धरवत नाही. कामतघरच्या बायका हे वर्षानुवर्षं करत आल्यात. लेकीला लग्नात भांडी देतात ना, तशी इथे दुलई देतात.

संध्याकाळी मृणाली माळ्यावरून दुलई काढायला चढली. दिवसपाळीचे कित्येक आठवडे ती वर पडून होती. तिने धूळ झटकली, तर आतून आवाज आला. करकर.

सूत करकरत नाही.

तिने शिवणीत बोट घातलं. आतून गोळ्यांचं एक पाकीट निघालं. मग दुसरं. मग तिसरं. सगळी भरलेली.

“आई.”

वैशालीने वळून पाहिलं आणि हातातला झारा तसाच राहिला.

“अगं, त्यांनी मळमळतं,” ती हळूच म्हणाली. “कांडी भरताना डोकं गरगरतं. मुकादम ओरडतो. महाराजांची खिचडी खाल्ली की कसं बरं वाटतं.”

“गुरुवारी दिवसभर उपाशी असतेस! संध्याकाळी गरम खिचडी पोटात गेल्यावर कुणालाही बरं वाटेल, आई!”

“आवाज खाली कर. शेजारी ऐकतील.”

मृणालीला रडू येत होतं आणि रागही. पाकिटं मांडीवर, दुलई हातात. आणि तेव्हाच, दुलईकडे बघता बघता, तिच्या डोक्यात काहीतरी टक्कन वाजलं.

“आई, बाबांचा भात मधल्या सुट्टीत कसा असतो गं?”

“कसा म्हणजे? गरम. दुलई कुणी शिवलीय?”

“मग तू कुठलं तप केलंस?”

वैशालीने झारा खाली आपटला. मग कडवट होऊन म्हणाली, “माझी चिंधीची दुलई आणि महाराजांचं आसन एक का? तोंड सांभाळ, मृणाली.”

“दुलईत खिचडी शिजली तर गोळ्या घेशील?”

“नाही शिजली तर तू सगळ्यांसमोर महाराजांचे पाय धरशील?”

“धरीन!”

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मृणालीने हे सगळं सनाला सांगितलं. सना तिची बाकावरची मैत्रीण, निजामपुऱ्यात राहणारी, आणि शाळेत तिच्याइतकं खदखदून कुणी हसत नाही.

“अरे यार,” सना म्हणाली, “आमचे हसनचाचा लग्नात बिर्याणीचा मोठा देग उतरवतात, मग वर गोणपाट, त्याच्यावर गोधडी. बारात उशिरा आली तरी गरम! म्हणजे आमचे चाचा पीर झाले की! आणि हम लोग उनसे चाय मंगवाते हैं!”

“हसू नकोस. गुरुवारी येशील?”

सना हसायची थांबली. “तुझ्या अम्मीसाठी ना? येईन.”

गुरुवारी शेड तुडुंब. पौषातली थंडी, पत्र्याखाली गारठा, त्यामुळे वाफ अजूनच दिमाखात दिसणार होती. शेगडीवर खिचडीला उकळी आली आणि महाराजांचा सेवक भूपेश ती हंडीत ओतू लागला, तशी मृणाली उभी राहिली.

“महाराज, आज तीन भांड्यांत ओतू या का? मी सारखी तीन पातेली आणलीत, झाकणांसकट.”

“ए पोरी, खाली बस!” भूपेश खेकसला.

“एक पातेलं तुमच्या आसनात. एक माझ्या आईच्या दुलईत. आणि एक महाराजांच्या समोर, असंच पाटावर. आसन नाही, दुलई नाही. फक्त तप.”

शेडमध्ये कुजबुज उठली. वैशालीने पदर तोंडाशी धरला. भूपेश मृणालीच्या अंगावर धावला, पण पुढच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला.

“हात नको लावूं तिला! बोलूं दे की!”

पार्वतीबाई! शेड त्यांची, जमीन त्यांची, आणि महाराजांवर सगळ्यात जास्त भक्तीही त्यांचीच. शेड त्यांनी महाराजांना फुकट दिली होती.

“माज्या महाराजांना काय भ्याव हाय का? होऊन जाऊं दे! समद्यांची तोंडं बंद व्हतील!”

महाराजांना भक्तीनेच कोंडीत पकडलं होतं. ते गोड हसले. “परीक्षा घेणाऱ्याचीच परीक्षा होते, बेटा.”

तिन्ही पातेल्यांत सारखी खिचडी पडली. एक आसनात गेलं. दुसरं वैशालीच्या दुलईत, वर गाठ मारून. तिसरं पाटावर. भजन सुरू झालं. महाराजांनी पाटावरच्या पातेल्याकडे दोन्ही तळवे धरले, कपाळाला आठ्या घातल्या, डोळे वटारले. सना कानात म्हणाली, “इतना घूरेंगे तो खिचडी शरमा जाएगी.” मृणालीला हसू आलं नाही. मागे आई खोकत होती. प्रत्येक खोकल्याबरोबर भजनाचा ताल चुकत होता.

भजन संपलं.

आसनातलं पातेलं उघडलं. वाफ! टाळ्या!

मग मृणालीने दुलईची गाठ सोडली. झाकण उचललं. वाफ अशी आली की तिच्या चष्म्यावर धुकं धरलं. आत खिचडी मऊ, पिवळीधमक, शिजलेली.

टाळ्या नाहीत. माना तेवढ्या पुढे झाल्या.

तिसऱ्या पातेल्याचं झाकण पार्वतीबाईंनी स्वतः उचललं. वाफेचा पत्ताच नाही. त्यांनी घास तोंडात टाकला. आत तांदूळ कटकन वाजला तो मागपर्यंत ऐकू आला.

“ही तं कच्ची हाय!”

“अविश्वासाची नजर लागली,” महाराज झटकन म्हणाले. “तप खंडित झालं.”

“मंग आसनातली कशी शिजली?” पार्वतीबाईंनी घास थुंकला. “तिथं नजर पोचली न्हाय?”

आणि तेवढ्यात सनाने आसनाच्या मखमलीचं टोक धरून ओढलं. चर्रर्र! आत चंदेरी कागद, त्याच्या आत वीतभर जाड पांढरं थर्माकोल. आणि बाजूला एक अर्धवट फाटलेलं स्टिकर. त्यावर आइस्क्रीमच्या कोनाचं चित्र होतं.

“मानकोलीच्या गोदामातली पेटी आहे ही!” मागून कुणीतरी ओरडलं. “भंगारात मिळतात!”

“आइस्क्रीमची?” दुसरं कुणी म्हणालं. “मग यात गरम कसं राहील?”

“तेच तर!” मृणालीचा आवाज आता पूर्ण सुटला होता. “ही पेटी गरमही करत नाही आणि थंडही करत नाही. ती फक्त आतलं बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचं आत येऊ देत नाही! बर्फ ठेवा, बर्फ राहील. उकळती खिचडी ठेवा, तिच्याच उष्णतेत ती शिजत राहील. शेगडीवर उकळी दिली तिथेच आग झाली होती. आग तुमच्या डोळ्यांसमोर होती!”

गोष्ट इथे संपली असती तर किती छान झालं असतं! पण माणसं अशी सहज सुटत नाहीत.

तिसऱ्या रांगेतली एक बाई पुढे आली, तिने वैशालीची दुलई उचलली आणि कपाळाला लावली. “वैशालीताईंच्या हातातच तप आहे हो!” दुसरी वैशालीच्या पायाशी वाकली. आणि महाराज? महाराज त्या क्षणीही धंदा विसरले नाहीत. “या माउलीला मीच दीक्षा दिली होती! माझी ऊब हिच्या हातात उतरली!”

वैशाली थिजून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या पाया पडत होतं. तिच्या चेहऱ्यावर एक क्षणभर काहीतरी उजळलं, आणि मृणालीला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

तिने दुलई हिसकावली. शिवण दातात धरली आणि फाडली. सगळं सूत स्टेजवर सांडलं, रंगीत, गुंतलेलं, तेलकट.

“हे बघा तप! तुमच्याच लूमचं वेस्ट आहे! तुम्ही रोज झाडून फेकता ते! तुमच्या प्रत्येकीच्या घरी अशी दुलई आहे. रोज तुम्ही हा चमत्कार करता, आणि दर गुरुवारी इथे येऊन त्याच्याच पाया पडता?”

मग तिने दप्तरातून गोळ्यांची भरलेली पाकिटं काढली आणि सुतावर ठेवली.

“आणि ह्या माझ्या आईच्या गोळ्या. ह्या तिने खाल्ल्या नाहीत. यांच्या ऐवजी तिने ऊब खाल्ली.”

वैशाली खाली बसली. तिने एकेक करून पाकिटं गोळा केली. वर पाहिलं नाही.

महाराजांनी दुसऱ्या दिवशी शेड सोडली. नदीनाक्याच्या पलीकडे कुठेतरी नवी मखमल लागली आहे, असं भूपेशनेच चहाच्या टपरीवर सांगितलं. चाळीतल्या काही बायका वैशालीशी बोलेनाशा झाल्या. “तुझ्या पोरीपायी आमचा देव गेला,” एकीने नळावर तोंडावर सांगितलं. वैशालीच्या पाया पडणारी, तीच ही!

आरोग्य केंद्रातल्या सिस्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुन्हा तपासणी केली, रिपोर्ट बघितला आणि सावकाश सांगितलं की मध्येच गोळ्या सोडल्या की जंतू शहाणे होतात, आता जुन्या गोळ्या चालणार नाहीत. नव्या, जास्त त्रासाच्या, जास्त दिवसांच्या. आणि घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं. मृणालीनेही. शेडमध्ये आईजवळ कोण कोण बसायचं, त्यांचीही नावं द्यायची. मृणालीला ती गच्च भरलेली शेड आठवली. मांडीला मांडी लावून बसलेली माणसं, आणि मध्ये खोकणारी आई.

बाबांची पुन्हा रातपाळी लागली तेव्हा वैशाली नवी दुलई शिवायला बसली. मळमळीमुळे मध्ये मध्ये थांबत होती. सगळीकडून शिवून झालं, एक बाजू मात्र तिने उघडी ठेवली आणि तिथे एक मोठं बटण लावलं.

“हे कशाला?” मृणालीने विचारलं.

“कुणालाही उघडून बघता यावं म्हणून.” मग तिने हात पुढे केला. “गोळी दे.”

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गल्लीत कुठेतरी एखादी झाकलेली हंडी असेल. तिला नमस्कार करण्याआधी मखमल बाजूला करा. आत काय आहे ते विचारा. कुणी विचारू दिलं नाही, तर समजा की आत देव नाही, थर्माकोल आहे. आणि डॉक्टरने दिलेली गोळी कुणाच्याही सांगण्यावरून दुलईत लपवू नका. भात दुलईत गरम राहतो. औषध दुलईत नुसतं पडून राहतं.