कोपराचा रिपोर्ट

"तुझं कोपर आहे की खिळा? बरगडी ठणकतेय सकाळपासून," तो कुरकुरला. पण हळूच, कारण दवाखान्याच्या बाकावर मांडीला मांडी लावून परकी माणसं बसली होती.

"अहो, हळू," ती पुटपुटली.

शेजारच्या बाईंचे कान तिखट होते. "तुमचेही घोरतात वाटतं? आमच्याकडे कपाटाच्या काचा वाजतात."

"मी मात्र घोरत नाही," समोरचे आजोबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही तेव्हा झोपलेले असता," त्यांची सून म्हणाली, आणि अख्खा बाक हसला.

तीही हसली. घोरण्यावर हसायचं असतं. घोरणं मधेच थांबतं आणि खोली एकदम गप्प होते, त्यावर मात्र बाकावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

नवरा बावीस वर्षं शाळेची बस चालवत होता. डेपोत त्याला 'इंजिन' म्हणत, अर्थात दुपारच्या डुलकीतल्या घोरण्यावरून. पंधरा दिवसांपूर्वी भर दुपारी, सरळ रस्त्यावर, इंजिननं बस शाळेच्या भिंतीला घासली. आत चाळीस मुलं. कुणाला खरचटलंही नाही, फक्त बाजूचा आरसा गेला. तो म्हणाला, ब्रेक सैल होता. मेकॅनिकनं ब्रेक तपासले, ठणठणीत निघाले, तरी बिचाऱ्यानं 'सैल' लिहिलं. मुलं सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, डोळ्यांवर ऊन आलं. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. आणि बायकोनं, म्हणजे हिनं, चष्म्याच्या नंबरावर ढकललं. माणूस सगळ्यांचा लाडका, मग काय करणार!

डेपोचे साहेब तेवढे नवे होते. म्हणाले, झोपेची तपासणी करून या. रिपोर्ट नीट आला, की सोमवारपासून बस तुमची.

तपासणी म्हणजे घरी दिलेली एक पेटी: बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाखाली नळी. आपण झोपायचं, यंत्र जागं राहतं.

नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा उलटसुलट केला. "रिपोर्ट तसा बरा आहे. पण गंमत बघा, श्वास थांबतो आणि सात सेकंदांत परत सुरू होतो. दहा सेकंद थांबला तरच आम्ही तो मोजतो. तुमचा दर वेळी साताला सुरू. रात्रभरात दोनशे वेळा. असं मी कधी पाहिलं नाही."

"म्हणजे सोमवारी गाडीवर?" नवऱ्याचा चेहरा असा उजळला, की तिला त्याच्याकडे बघवेना.

तिला बस दिसली. चाळीस दप्तरं दिसली. आता गप्प बसलं तर झालं, सगळं आपल्या मनासारखंच होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "ते सात सेकंद माझे आहेत."

"म्हणजे?"

"ह्यांचा श्वास थांबला, की मी सात मोजते आणि कोपर मारते. अकरा वर्षं झाली. टाके मोजायची सवय, शिवणकाम करते ना. त्या रात्री तर यंत्रासमोर काही वेडंवाकडं नको म्हणून एकही चुकवला नाही."

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, मला वाटायचं तू चिडून मारतेस!"

"कधीकधी चिडूनही मारलंय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही कधी झोपता?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "दुपारी, मशीनवर. परवा एका शर्टाला तीन बाह्या लावल्या."

बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "घोरतो म्हणजे गाढ झोपतो, असं वाटतं लोकांना. असतं उलटं. घशाची वाट मिटते, श्वास अडतो, मेंदू दचकून उठवतो. रात्रभर हेच, आणि सकाळी माणसाला पत्ता नसतो. रक्तदाब चढतो, हृदय दमतं, दिवसा डोळा लागतो. घरोघरी आहे हे, पण बहुतेकजण तपासणीपर्यंत पोचतच नाहीत. बाहेर बाकावर हसत बसतात."

"मग बस गेली माझी?" त्यानं विचारलं.

"गेली नाही, थांबली. पुन्हा तपासणी करू, आणि या वेळी तुमच्या मिसेस दुसऱ्या खोलीत झोपतील. त्यात आजार पकडला गेला, की झोपताना मास्क लावायचा. यंत्रातून हवेचा झोत येतो, घसा मिटत नाही. काही आठवडे नेमानं वापरा, मी नोंदी तपासते. ठीक असलं तर गाडी चालवायला हरकत नाही, असं मीच लिहून देईन. माझ्याकडचे दोन ड्रायव्हर परतलेत कामावर."

"पण मॅडम, हिच्याशिवाय मला झोप नाही लागत हो."

"तुम्हाला झोप लागते," बाई म्हणाल्या, "त्याची काळजी नको."

तिला हसू फुटलं. अकरा वर्षांत प्रथमच तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं होतं. घरी जाऊन सरळ आडवं व्हावं असं वाटलं, दिवसाढवळ्या, मोजल्याशिवाय.

बाईंनी नवा फॉर्म ओढला. "एकच राहिलं. साहेबांच्या पत्रात आहे, त्या दिवशी भिंतीला गाडी घासली, ती कशी?"

तिच्या जिभेवर सवयीनं काहीतरी आलंच होतं, पण नवऱ्यानं तिच्या हातावर हात ठेवला.

"मला झोप लागली होती," तो म्हणाला. "मागे चाळीस पोरं होती, आणि मी झोपलो होतो."