ओकबुनचा डावा डोळा

ओकबुनच्या डोळ्याचं पाणी थांबलं आणि त्यांच्या घरात भांडण पेटलं.

त्यांची आणि आमची भिंत एकच. तिकडं भांडं पडलं तरी इकडं कळतं. त्या दिवशी तिच्या नवऱ्याचं, मानबोकचं श्राद्ध होतं. बावीस वर्षांमागं तो ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाजणात चिखलातली माकुलं काढायला गेला आणि भरतीत सापडला. मी वाळकी मासळी घेऊन गेले, तर त्याची म्हातारी आई ताटासमोर बसून ओरडत होती.

"ये गं मालसुक, तूच बघ! माझ्या पोरापुढं भात वाढतीय आन् डोळा बघ कसा, वाळल्या शिंपल्यागत!"

"आई, डोळा कापलाय माझा," ओकबुन म्हणाली. "डाक्टरनं सांगितलंय, काही महिने कोरडाच ऱ्हानार."

"कापायच्या आधी तर चांगला वाहत हुता."

"तो वाऱ्यानं वाहत हुता. तुमच्या पोरासाठी न्हवं!"

बोलून गेली आणि स्वतःच दचकली. म्हातारीनं हातातला पेला खाली ठेवला. मी मासळी तिथंच ठेवून निघून आले.

आमच्या बेटावर सगळ्यांचा जन्म मिठागरात जातो. वरून ऊन, खालून पांढऱ्या मिठाची तिरीप, समोरून खारा वारा. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून मांस उगवतं आणि बुबुळावर चढत जातं. ओकबुनच्या दोन्ही डोळ्यांत ते चढलं होतं.

मानबोक बुडाला तेव्हा ती बांधावरच होती, वाफ्यांत पाणी सोडत. लोकांनी विचारलं तर म्हणाली, "तिरीप हुती. डोळ्यात मांस आलंय. न्हाय दिसलं." प्रेत उचललं तेव्हा बायका ऊर बडवत होत्या, आणि ही उभी होती खांबागत. म्हातारी वर्षभर तिच्याशी बोलली नाही.

मग मांस वाढलं आणि उजवा डोळा गळायला लागला. जेवताना, मीठ ओढताना, बसल्या जागी. म्हातारी विरघळली. आपल्या बाहीनं सुनेचा गाल पुसायची. "रड, पोरी. मोकळी हो." वीस वर्षं दोघी त्या पाण्यावर एका घरात सुखानं राहिल्या. ओकबुननं एकदाही सांगितलं नाही की हे रडणं नव्हे.

गेल्या महिन्यात मात्र उजव्या डोळ्यापुढं धूरच झाला. बोटीनं आम्ही दोघी पलीकडच्या शहरात गेलो. डॉक्टरनं बुबुळावरचं मांस खरवडून काढलं आणि वरच्या पापणीखालची पातळ कातडी काढून तिथं बसवली. डावा डोळा वसंतात करू म्हणाला. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, "आता ते गालावर सांडणार नाही. पण डोळा काही महिने कोरडा पडेल, खुपेल. थेंब घालत राहा."

पहिले आठ दिवस तिला ओल्या कागदातून बघितल्यासारखं दिसायचं. मग एका सकाळी मला म्हणाली, "मालसुक, तुझ्या हनवटीवर तीळ हाय व्हय गं? एवढी वर्षं शेजारी ऱ्हाते, मला ठावंच न्हाय!" आम्ही दोघी हसलो. त्यानंतर ती हसलेली मी पाहिली नाही. काम टाकून बांधावर जायची आणि खाजणाकडं बघत उभी राहायची.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तशी ती माझ्याकडं आली.

"खाजणात जाऊन उभी ऱ्हा जरा. त्या मोडक्या खुंटापाशी."

"आन् काय करू तिथं?"

"दोन्ही हात हलव. मी थांब म्हणंपर्यंत हलव."

मी निघाले. पाऊल घोट्यापर्यंत रुतत होतं. अर्ध्या वाटेवर माझ्या ध्यानात आलं, मानबोकचं फावडं ह्याच खुंटाला अडकलेलं सापडलं होतं. मागं फिरावं असं वाटलं, पण बांधावर ती वाट बघत होती, अंगठ्याएवढी.

मी हात हलवले. तिनं डाव्या डोळ्यावर हात ठेवला. मग उजव्यावर ठेवला. उजवा झाकून बराच वेळ उभी राहिली. माझे खांदे भरून आले. तेवढ्यात मागच्या ओघळीत पाणी वाजलं. भरती लागली होती.

"आक्का! बास का?"

ती हलेना.

"आक्का, पाणी आलं!"

ती तशीच, एक डोळा झाकून. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. इथं उभं राहून असंच कुणीतरी ओरडलं असेल, आणि तिथं असंच कुणीतरी उभं असेल. मी पळत सुटले. दोनदा तोंडावर आपटले. बांधावर चढले तेव्हा पाणी खुंटाच्या पायाशी आलं होतं आणि ती खाली बसली होती.

"दिसलीस," ती म्हणाली.

"कुठल्या डोळ्यानं?"

"दोन्ही. उजव्यानं तुझ्या रुमालावरची फुलंसुदिक दिसली. डाव्यानं फुलं न्हाय दिसत. पर माणूस हाय, हात हलवतंय, ते दिसतं. आज एवढं मांस चढलंय तरी दिसतं, मालसुक. तवा तर नखाएवढं हुतं."

मी तोंडावरचा चिखल पुसला.

"त्या सकाळी त्यानं मला चुलीतल्या लाकडानं मारलं हुतं. इथं बांधावर आले, तिकडं कायतरी हललं. म्या म्हणलं, बगळा. बावीस वर्षं बगळाच म्हणत आले."

"मग बगळाच असंल आक्का."

"बगळ्याला दोन हात असत्यात व्हय गं?"

तिचा चेहरा पिळवटला, छाती वरखाली झाली, पण डोळ्यात टिपूस येईना. उजवा नुसता लालभडक. डोळा चोळायला हात नेला, तो मी धरला.

घरी जाऊन तिनं म्हातारीला सगळं सांगितलं. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. तीन दिवस म्हातारी सुनेच्या हातचं जेवली नाही, मीच पेज नेऊन दिली. ओकबुननं कपड्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं.

चौथ्या सकाळी पेज घेऊन गेले तर गाठोडं सुटलेलं. म्हातारीनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि थेंब घालत होती. एक गालावर पडला, एक कानात.

"हलू नगंस. डावा कवा कापायचा म्हणला डाक्टर?"

"वसंतात. पर मला न्हाय करायचा."

"करायचा."

"कशाला आई? काय बघायचं ऱ्हायलंय आता?"

"मला." म्हातारीनं बाटलीचं टोपण लावलं. "उद्यापासनं मी शिंपल्या काढाया खाजणात जाणार. तू बांधावर उभं ऱ्हायचं."

चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी. पण दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तशी ती टोपली घेऊन खरंच उतरली, आणि तेव्हापासून रोज उतरते. ओकबुन हातातलं काम टाकून बांधावर येते. कोरड्या डोळ्यात वारा झोंबतो, डॉक्टरनं पापणी मिटत राहा म्हणून बजावलंय. ती मिटत नाही. म्हातारी चिखलातून परत येऊन बांधाला हात लावेपर्यंत, मी शेजारी उभी राहून हाक मारली तरी, ओकबुन माझ्याकडं बघत नाही.